मदत हवी आहे: ताताकी (बाहेरून झटपट भाजलेला, आतून कच्चा) सॅलडमधला कुपा (ट्यूना मासा) आतपर्यंत शिजतोय

कुपा कच्चा खाण्याजोगा, गोठवलेला. रात्रभर फ्रिजमध्ये वितळवून नीट टिपलेला. ४ सेंमी जाड तुकडा, धुरावलेला बिडाचा तवा, प्रत्येक बाजू ३० सेकंद. तरी कापल्यावर करडी कड ८ मिमी! हवी २-३. मध्येच पाणी सुटतं आणि मासा भाजण्याऐवजी वाफवला जातो, असा संशय आहे. आधी १५ मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवला तर फरक पडेल का? बर्फाच्या पाण्यात बुडवणं नको, वरची खमंग चव धुतली जाते.

शिवाय २ चमचे सोया सॉस, १ चमचा तांदळाचं व्हिनेगर, १ चमचा लिंबूरस, अर्धा चमचा भाजक्या तिळाचं तेल हे मिश्रण काकडी-मुळ्यावर १० मिनिटांत पाणचट होतं. मीठ लावून पिळावं, तर सोयामुळे सगळंच खारट. मग सोया किती कमी करू?