मदत हवी आहे : ड्युशेन असलेल्या मुलाचे मित्र टिकावेत म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी. माझ्या 13 वर्षांच्या मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. स्नायूंना टिकवून धरणारं डिस्ट्रॉफिन हे प्रथिन त्याच्या शरीरात तयार होत नाही. चालणं थांबलंय, व्हीलचेअर आहे. स्टेरॉइड, फिजिओथेरपी, हृदयाची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहे, त्याबद्दल विचारत नाहीये.

प्रश्न मित्रांचा आहे. संध्याकाळी पोरं खाली क्रिकेट खेळतात, हा गॅलरीतून ओरडून स्कोअर सांगतो. पण वाढदिवसाला कुणी बोलावत नाही. बहुतेकांची घरं जिना चढून, आणि चारचौघांत उचलून नेलेलं त्याला अजिबात आवडत नाही. बरोबरच आहे त्याचं. (शिवाय खांद्यांत ताकद नसल्याने काखेत धरून उचलणं धोक्याचं असतं, हे लोकांना माहीतच नसतं.) शाळेत रॅम्प झाला, तरी मधल्या सुट्टीत सगळे मैदानावर आणि हा वर्गात एकटा डबा खातो. नातेवाईक त्याच्यादेखत ‘बिचारा’ म्हणतात, तेव्हा फार राग येतो.

वर्गातल्या मुलांना आजाराबद्दल कुणी सांगावं, आम्ही, बाईंनी की त्यानेच? किती सांगावं? घडीचा रॅम्प कुणी वापरता का, दोन-तीन पायऱ्यांना पुरतो का? सांगली-कोल्हापूरकडे अशी मुलं असलेली कुटुंबं एकत्र भेटत असतील तर कृपया कळवा, आम्हाला नक्की यायचंय.