‘रन आउट ऑफ’: सरते साखर, कर्ता आपण

माझी भाची नागपूरच्या मिहान या उद्योग-वसाहतीतल्या एका कंपनीत आहे. इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकांना लेखी उत्तरं पाठवायची, हे तिचं काम. बुटांच्या एका मापाबद्दल तिनं लिहिलं, ‘दॅट साइझ इज ओव्हर.’ वरिष्ठांनी ते खोडून ‘वी हॅव रन आउट ऑफ दॅट साइझ’ असं केलं. रात्री तिचा फोन आला, “मामा, आम्ही त्या मापातून धावत बाहेर कशाला जाऊ?”

प्रश्न मला फार आवडला, कारण शब्दाला शब्द लावला की नेमका हाच अर्थ निघतो. ‘शी रॅन आउट ऑफ द हाउस’ म्हणजे ती घरातून धावत बाहेर आली, हेही अगदी शुद्ध इंग्रजी आहे. मग साखरेच्या बाबतीत हे धावणं येतं कुठून?

आधी ‘इज ओव्हर’चं पाहू. मराठीत सिनेमा संपतो, सुट्टी संपते, साखर संपते आणि पेट्रोलही संपतं. एकच क्रियापद सगळीकडे चालतं. इंग्रजीत याच्या दोन वाटा होतात. सिनेमा, मॅच, पाऊस, अधिवेशन, म्हणजे जे सुरू होतं आणि थांबतं, त्याला ‘इज ओव्हर’. साखर, पेट्रोल, पैसा, म्हणजे जे साठ्यात असतं आणि वापरून उरत नाही, त्याला ‘रन आउट’. ‘द पेट्रोल इज ओव्हर’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं आणि आपल्याला कळतंही, पण इंग्लंडच्या माणसाच्या कानाला ते खटकतं.

आता धावण्याकडे येऊ. ‘रन’चा एक जुना आणि रोजच्या वापरातला अर्थ वाहणे असा आहे. नळ उघडा राहिला की इंग्रज ‘द टॅप इज रनिंग’ म्हणतो, सर्दीनं नाक वाहिलं तरी ‘माय नोज इज रनिंग’. भांड्याला भोक पडून पाणी वाहून गेलं आणि भांडं रिकामं राहिलं, असं चित्र मनात धरलं की ‘रन आउट’ लगेच उमगतं.

आणि हे चित्र आपल्याला परकं नाही. सकाळी उशिरा तर्री-पोह्याच्या ठेल्यावर गेलात तर ठेलेवाला काय म्हणतो? “तर्री सरली भाऊ.” वऱ्हाडी बोलीत तेल सरतं, पीठ सरतं, पैसेही सरतात. प्रमाण मराठीत हे ‘सरणे’ दिवस सरले, रात्र सरली एवढ्यापुरतं उरलं, किंवा ‘गरज सरो, वैद्य मरो’ या म्हणीत टिकलं. पण ‘जरा बाजूला सर’ यातलं सरणंही तेच आहे. मुळाशी संस्कृत ‘सृ’ धातू, अर्थ जाणे, वाहणे. सरिता हा शब्द त्यातूनच आला. म्हणजे गतीचा शब्द पुढे संपण्याचा शब्द झाला, हा प्रवास दोन्ही भाषांनी आपापल्या परीनं केला. भाचीला मी सांगितलं, ‘रन आउट’ला ‘सरणे’ म्हण, ‘संपणे’ म्हणू नकोस. शाळेत आमची ही बोली गावंढळ म्हणून खोडली जायची याचं मला आजही वाईट वाटतं. इंग्रजी शिकवताना तिचा असा उपयोग झाला असता.

एवढ्यानं निम्मं काम होतं. ‘द शुगर हॅज रन आउट’ या वाक्यात मराठीसारखीच साखर कर्ता आहे, आणि वाक्य बरोबरही आहे. पण बोलताना इंग्रज बहुधा माणसाला पुढे आणतो आणि वस्तूला ‘ऑफ’च्या मागे बसवतो: ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर.’ आपली साखर सरली, तर तिथे आपण साखरेचे सरलो! मराठी जिभेला अडतं ते इथेच, आणि मग ‘ऑफ’ गळतो. माणसाच्या जागी यंत्रही चालतं. मे महिन्यात नागपुरात पहाटे तीनला घामाघूम होऊन जाग येते आणि कळतं की कूलर नुसती गरम हवा फेकतोय: ‘द कूलर हॅज रन आउट ऑफ वॉटर.’ झिरो माइलपाशी गाडी बंद पडली: ‘माय बाइक रॅन आउट ऑफ पेट्रोल.’ ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आलं की ‘रन’ घ्यायचं, ‘हॅव रॅन’ कधीच नाही.

काळांची जोडी मात्र फार छान जुळते. टाकीतलं पाणी ‘संपत आलं’ म्हणजे ‘इज रनिंग आउट’, ‘संपलं’ म्हणजे ‘हॅज रन आउट’. पेपर लिहिताना वेळ सरत आला तर ‘आय ॲम रनिंग आउट ऑफ टाइम’. कल्पना, जागा, सबबी, धीर, सगळ्याला हे चालतं. दम सरला तर ‘रन आउट ऑफ स्टीम’. मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयातली छोटी वाफेची इंजिनं पाहिली की यातली वाफ डोळ्यांपुढे येते.

मुदतीचं गणित वेगळं. लायसन्सची किंवा भाडेकराराची मुदत संपते तेव्हा माणूस कर्ता होत नाही. ‘माय लायसन्स रन्स आउट इन मार्च’ म्हणायचं. ‘आय रॅन आउट ऑफ लायसन्स’ म्हटलं तर तुमच्याकडे लायसन्सचा गठ्ठा होता आणि तो संपला असं वाटेल.

क्रिकेटचा ‘रन आउट’ पूर्ण निराळा. 10 जुलै 2019 रोजी मँचेस्टरला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंडच्या गप्टिलच्या थेट फेकीवर धोनी 50 धावांवर बाद झाला. तिथे ‘धोनी वॉज रन आउट’, कारण त्याला दुसऱ्यानं बाद केलं. साखरेच्या वाक्यात हा ‘वॉज’ घालू नये. आणि ‘ऑफ’च्या जागी चुकून ‘ऑन’ पडला तर अर्थच फिरतो: ‘ही रॅन आउट ऑन हिज फॅमिली’ म्हणजे तो घरच्यांना वाऱ्यावर सोडून निघून गेला.

काल भाचीचा मेसेज आला. तिनं गिऱ्हाइकाला लिहिलं होतं, ‘वी आर रनिंग आउट ऑफ द ब्लॅक वन्स टू.’ खाली माझ्यासाठी मराठीत: “मामा, काळेही सरत आले.”