क्यूइंग थिअरीत (रांगांच्या गणितात) पीएचडी करायचं डोक्यात आलंय, या वाटेनं कुणी गेलंय का?

हिंजवडी_शटल
नमस्कार मंडळी. पुण्यातूनच कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, तीन वर्षं झाली हिंजवडीत बॅकएंडला आहे. मागच्या वर्षी आमचा एक सर्व्हर ८० टक्क्यांवर चालत होता, मॅनेजर म्हणाले अजून जागा आहे की, टाका लोड, आणि ९५ ला गेल्यावर सगळं असं काही लटकलं की रात्री दोन वाजता मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेय आणि आई दारातून विचारतेय, काय गं, गेली का नोकरी? नंतर शोधाशोध केली तर कळलं की हे सगळं आधीच कुणीतरी मांडून ठेवलंय. साध्यातल्या साध्या रांगेत सर्व्हर ५० टक्के बिझी असेल तर काम उरकायला मूळच्या दुप्पट वेळ, ८० ला पाचपट, ९० ला दहापट, ९५ ला वीसपट!! म्हणजे जागा होती ती नुसती दिसायला.

तेव्हापासून वेड लागलंय, नेटवर्क आणि स्टोकॅस्टिक (म्हणजे रँडम चालणाऱ्या) सिस्टिम्समध्ये रिसर्च करावा असं वाटतंय. गेटचा स्कोअर बरा आहे. पण मित्र म्हणतात सगळं जग एआयमागे धावतंय आणि तू रांगा मोजणार? बाबा काहीच म्हणत नाहीत, ते जास्त डेंजर. मला एवढंच विचारायचंय की ह्या विषयात माणूस पंचवीस-तीस वर्षं करतो काय? फॉर्म्युले तर सगळे सापडलेत ना?

ट्रंक_बुकिंग
बेटा, मी टेलिफोन खात्यात ३४ वर्षं काढली, पीएचडी वगैरे काही नाही. पण तुझ्या विषयाचा मूळपुरुष आमच्याच बिरादरीतला. एर्लांग म्हणून डॅनिश माणूस, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता, १९०९ मध्ये त्याने फोन कसे येतात याचं गणित मांडलं आणि १९१७ मध्ये लाइनी किती लागतील त्याचं सूत्र दिलं. आम्ही त्याच्या नावाने लोड मोजायचो, एक लाइन तासभर सलग बिझी म्हणजे एक एर्लांग.

एक गंमत सांगतो. लोड १० एर्लांग आहे म्हणून १० लाइनी दिल्यास तर शंभरातले २१ कॉल परत जातात. शंभरात एकच जावा असं हवं असेल तर १८ लागतात. आता अशी दहा छोटी एक्सचेंज वेगवेगळी ठेवलीस तर १८० लाइनी, पण सगळ्यांचा लोड एकत्र केलास की १०० एर्लांगला ११७ त काम होतं. ६३ लाइनी वाचल्या! नव्या ज्युनिअर इंजिनिअरला मी पहिल्या दिवशी हे कोष्टक हातात द्यायचो आणि म्हणायचो डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, ह्याच्यावर ठेव.

मार्कोव्हची_साखळी
काका, तुमचं कोष्टक बरोबरच, पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवल्यामुळेच पुढे आमच्यासारख्यांची पोटं भरली 😀

@शटल, मी ह्याच विषयात पीएचडी केलीय, आता शिकवते. फॉर्म्युले सापडलेत हे खरंय पण ते ज्या गृहीतकांवर उभे आहेत ती दर वीसेक वर्षांनी कोसळतात, करिअर म्हणजे बरंचसं तेच. फोन हजारो लोक आपापले करतात, त्यामुळे एकत्र केले की चढउतार सपाट होत जातात, काकांच्या ६३ लाइनी त्यातूनच वाचल्या. डेटा पण तसाच असणार असं सगळे धरून चालले होते. मग बेलकोअर ह्या अमेरिकेतल्या टेलिफोन रिसर्च कंपनीत लेलँड वगैरे मंडळींनी इथरनेटवरचा ट्रॅफिक खरोखर मोजला, १९९४ चा पेपर आहे, तर मिलिसेकंदात बघा, सेकंदात बघा नाहीतर मिनिटांत, तो सगळीकडे सारखाच उसळ्या मारत होता, सपाट होतच नव्हता. जुन्या हिशोबाने ठेवलेले बफर (डेटा थांबायची जागा) कमी पडणार हे उघडच होतं. अर्ध्या लोकांना नव्याने सुरुवात करावी लागली आणि विचार कर, हे चुकलं म्हणून कुणी रडलं नाही, उलट दहा वर्षांचं काम मिळालं.

माझा स्वतःचा जीव मात्र शेड्युलिंगवर, म्हणजे कुठली रांग कधी चालवायची ते ठरवण्यावर. १९९२ मध्ये टॅसिउलस आणि एफ्रेमिडीस यांनी दाखवलं की ट्रॅफिक किती येणार ते अजिबात माहीत नसलं तरी चालतं, दर क्षणाला नुसतं रांगेची लांबी गुणिले लिंकचा वेग बघायचा, एकाच वेळी चालू शकणाऱ्या लिंक्सच्या ज्या जोडणीत ह्याची बेरीज सगळ्यात मोठी ती चालवायची, आणि कुठल्याही पद्धतीने जेवढा लोड झेपला असता तेवढा सगळा हीपण झेपवते. लिहिलं होतं रेडिओ नेटवर्कसाठी, नंतर स्विचमध्ये गेलं, डेटा सेंटरमध्ये गेलं. मी पहिल्यांदा ते प्रूफ वाचलं तेव्हा वारज्याच्या स्टॉपवर बसची वाट बघत होते आणि बस सोडली. (बसचंही गणित आहे, बस सरासरी दर दहा मिनिटांनी पण अगदी रँडम येत असेल तर तुला सरासरी पाच नाही, दहा मिनिटं थांबावं लागतं, कारण तू जाऊन पडतेस ती बहुतेक मोठ्याच गॅपमध्ये.)

आणि एआयवाल्या मित्रांना सांग, त्यांचा चॅटबॉट उत्तर द्यायला वेळ लावतो तेव्हा बऱ्याचदा त्यांचा प्रश्न जीपीयूपुढच्या (एआय चालवणाऱ्या चिपपुढच्या) रांगेतच उभा असतो.

सदाशिव_पेठी
बाकी ठीक, पण पैसे? जेआरएफला, म्हणजे पीएचडीच्या फेलोशिपला, ३७,००० मिळतात महिन्याला, हिंजवडीत तीन वर्षं झालेली मुलगी त्याच्या दुप्पट तरी घेत असेल. पाच वर्षांचा हिशोब मांडा आणि मग जीव लावा.

मार्कोव्हची_साखळी
हिशोब खराच आहे, नाकारत नाही. पहिलं वर्ष तर मेझर थिअरीतच (प्रोबॅबिलिटीच्या पायाच्या गणितात) जातं आणि तेव्हा ३७,००० पण जास्त वाटतात इतकं काही येत नाही. माझं तिसऱ्या वर्षाचं एक लेमा (प्रूफमधली एक पायरी) आठ महिने अडकलं होतं, सासरी कुणी विचारलं की काम कसं चाललंय तर मी म्हणायचे रांगेत आहे. इतक्यात राजीनामा नको देऊस @शटल, आधी प्रोबॅबिलिटीचा एखादा पूर्ण कोर्स एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) रात्री बसून कर, गणितं सोडव, नुसते व्हिडिओ नकोत. सहा महिन्यांनी पण वेड टिकलं तर गाइड शोध, विषय नंतर.

भांडारकर_रोड
इतकं कोपनहेगन झालं, पण स्टोकॅस्टिकमध्ये पुण्याचं नाव घ्यायला विसरलात. दा. ध. कोसंबी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे तेव्हा, १९४३ मध्ये, त्यांनी रँडम प्रोसेसचे एकमेकांशी संबंध नसलेले तुकडे पाडायची रीत छापली, कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या आधी. बाहेर बरेच जण अजून त्या दोघांचंच नाव घेतात. नंतर मुंबईत टीआयएफआर ह्या संशोधन संस्थेत असताना डेक्कन क्वीनने जा-ये करायचे. आपल्याकडे लोक त्यांना इतिहासवाले म्हणूनच ओळखतात, त्याला काय करणार.

हिंजवडी_शटल
कोसंबींचं खरंच माहीत नव्हतं, रोज फर्ग्युसनवरून जाते! पेठी दादा, दुप्पट नाही, पण जवळपास. ताई, कोर्स आजच लावते, राजीनाम्याचं सहा महिने नाव काढत नाही. बाबांना ६३ लाइनींचं सांगितलं, ते पहिल्यांदा काहीतरी बोलले, म्हणाले कागदावर करून दाखव. काका, ते कोष्टक अजून असेल तर फोटो टाकाल का?

ट्रंक_बुकिंग
माळ्यावर आहे. रविवारी मुलगा आला की शिडी लावतो.