आईला गरम पाण्याच्या झऱ्यांवर न्यायचं आहे, वाट सोपी आहे

केतकी:
नमस्कार. आईचं वय ६८, गुडघे दुखतात आणि रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे. नैसर्गिक गरम पाण्यात पाय सोडून बसायचं हे तिच्या मनात फार दिवसांपासून आहे. जी जागा पाहून ठेवली आहे तिथे गाडी लावून दोन किलोमीटर चालावं लागतं, चढ जवळजवळ नाहीच. सोबत माझा ९ वर्षांचा मुलगा असेल. वाटेची चिंता नाही, पाण्याची आहे. वडीलधाऱ्यांना कुणी नेलं असेल तर सांगाल का?

रानवाट:
केतकीताई, मी बाबांना नेलं होतं, तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. जाताना ते माझ्या पुढे चालत होते. कुंडात बसले, गुडघे मोकळे झाले, चेहरा खुलला. मला इतकं बरं वाटलं की अर्धा तास कधी उलटला कळलंच नाही. मग ते झटकन उभे राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन माझ्या अंगावर कलले. मी शेजारीच होतो म्हणून दगडावर डोकं आपटलं नाही. ते अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. गोळी चालू असेल तर तो आणखी खाली जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टरांना विचाराच. पहिल्यांदा फक्त पाय सोडून १० मिनिटं बसवा, तेवढं पुष्कळ झालं. उठताना आधी काठावर बसवायचं, दोन मिनिटं जाऊ द्यायची, मग हात धरून उभं करायचं. परतीला लगेच निघू नका. पाय सैल पडलेले असतात, जाताना सोपी वाटलेली वाट तेव्हा तशी राहत नाही. आम्ही तासभर सावलीत बसलो, घोट घोट पाणी प्यायलो, मग निघालो. पाण्यात बसूनही घाम जातो, त्यामुळे पिण्याचं पाणी नेहमीपेक्षा जास्त घ्या. झऱ्याचं पाणी मात्र पिऊ नका.

आणि थर्मामीटर न्या, तापाचा नव्हे, १०० अंश सेल्सिअसपर्यंत मोजणारा. ४० अंश सेल्सिअसपर्यंत ठीक. त्याच्या वरच्या पाण्यात मी बाबांना पायही घालू देत नाही. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, आणि नुसतं बघून ते कळत नाही, कारण कितीतरी गरम कुंडं अगदी नितळ दिसतात. एकाच कुंडात उगमापाशी पाणी कढत आणि पलीकडे कोमट असू शकतं, म्हणून तीन-चार ठिकाणी मोजा.

भूजल:
थोडी भर घालतो. जवळपास ज्वालामुखी नसला तरी झरे गरम असू शकतात. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. तापलेलं पाणी वाट मिळाली की थंड व्हायच्या आत वर येतं. सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे खोलगट, बंदिस्त जागी साचतो, आणि प्रमाण फार वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं. त्यामुळे खड्ड्यात किंवा छताखालच्या कुंडात उतरायचं नाही. आईंच्या गळ्यात चांदी असेल तर घरी ठेवा, काळी पडेल.

काठावरचे हिरवे-केशरी थर म्हणजे उष्णता सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांची वस्ती. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या गरम झऱ्यांत थॉमस ब्रॉक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना असाच एक जिवाणू सापडला होता. त्याच्यापासून मिळालेलं एंझाइम पुढे पीसीआर तपासणीत, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीत, कामी आलं. मुलाला हे जरूर सांगा, पण त्या थरावर पाय देऊ देऊ नका. तो शेवाळासारखा निसरडा असतो.

केतकी:
दोघांचेही मनापासून आभार. मुलाला पोहता येतं, तो बुडी मारायचा हट्ट धरेल. मारू द्यावी का?

रानवाट:
नाही, ताई. यात मी अजिबात सूट देत नाही. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर बहुतेक वेळा जीव जातो. मान पाण्याबाहेर, नाकात पाणी नाही, शिंतोडे उडवायचे नाहीत. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर तापतात, त्यामुळे त्याला पाच मिनिटांनी बाहेर काढा. साबण किंवा शाम्पू कुणीच वापरू नये, तेच पाणी पुढे ओढ्याला जाऊन मिळतं.

सकाळी लवकर निघा. ऊन चढायच्या आत परत गाडीपाशी याल. कोरडे कपडे आणि आईंसाठी तळ निसरडा नसलेल्या चपला पिशवीत वरच ठेवा, म्हणजे बाहेर आल्याबरोबर हाताला लागतील.

केतकी:
डॉक्टरांची वेळ घेतली आहे. थर्मामीटर आजच मागवते.