मदत हवी आहे: गोल्फ ड्रायव्हरचा लॉफ्ट कमी केल्यावर स्लाइस वाढून राहिला, सेटिंग कशी लावू?

धरमपेठकर:
नमस्कार मंडळी. उजव्या हाताने खेळतो. ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब) ४६० सीसीचा, हेडवर लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) १०.५, लांबी ४५.७५ इंच, शाफ्ट (दांडा) ६० ग्रॅमचा स्टिफ (कमी लवणारा). मागे सरकवता येणारं वजन आहे, सध्या मध्यावर. चेंडू हवेत फार चढून राहिला म्हणून स्लीव्ह (हेड आणि शाफ्टच्या जोडावरची फिरवता येणारी नळी) फिरवून लॉफ्ट ९ केला. आता चेंडू किंचित डावीकडे निघतो आणि भरपूर उजवीकडे वळतो, म्हणजे स्लाइस. लाँच मॉनिटरवरच्या १० फटक्यांची सरासरी: क्लबचा वेग ताशी ८९ मैल, चेंडूचा १२४, अटॅक अँगल उणे ४ (क्लब ४ अंश खाली उतरतो), पाथ (क्लबच्या वाटेची दिशा) उणे ५, फेस (चेंडूला लागणाऱ्या तोंडाची दिशा) उणे १, दोन्ही डावीकडे, लाँच (चेंडू वर निघण्याचा कोन) १० अंश, स्पिन (मिनिटाला फेरे) ३७००. लॉफ्ट आणखी खाली न्यावा का? वजन कुठे सरकवू? की ड्रायव्हरच बदलू?

शाफ्टवाला:
भाऊ, आकडे दिले ते फार बरं केलं. ड्रायव्हर बदलू नका आणि लॉफ्ट तर अजिबात कमी करू नका. लाँच फक्त १० अंश आहे, म्हणजे चेंडू मुळात खालूनच निघतो. तो नंतर चढतो तो ३७०० स्पिनमुळे. तुमचा क्लब चेंडूवर ४ अंश उतरत येतो, त्यामुळे लॉफ्ट आणि अटॅक यांच्यातलं अंतर वाढतं आणि स्पिन तिथून येतो.

दुसरं, स्लीव्हने लॉफ्ट कमी केला की जमिनीवर टेकवलेल्या क्लबचा फेस उजवीकडे उघडतो, वाढवला की बंद होतो. काही बनावटींत फेसचा हा बदल लॉफ्टच्या बदलाच्या साधारण दुप्पट असतो. स्लाइस असणाऱ्याने लॉफ्ट उतरवणं म्हणजे आधीच उघड्या फेसला आणखी उघडणं. पाथ उणे ५ आणि फेस उणे १, म्हणजे पाथच्या मानाने फेस ४ अंश उघडा. चेंडू निघतो मुख्यतः फेसच्या दिशेने आणि वळतो या ४ अंशांमुळे. म्हणून थोडा डावीकडे निघून उजवीकडे जातो.

पण पान्याला हात लावण्याआधी एक काम करा. १२४ भागिले ८९ म्हणजे १.३९. ड्रायव्हरला हा आकडा १.४५ च्या आसपास तरी हवा. फटका मध्यावर बसत नाही, बहुतेक हीलकडे (शाफ्टजवळच्या बाजूला) बसतो. व्हाइटबोर्ड मार्करने चेंडूवर ठसठशीत ठिपका काढा, ठिपका फेसकडे ठेवून मारा. फेसवर ठसा उमटेल. १० चेंडूंचे ठसे बघा, दर वेळी पुसा. हीलवर बसलेला चेंडू गिअर इफेक्टमुळे (फटका मध्याबाहेर बसल्याने मिळणाऱ्या फिरकीमुळे) उजवीकडे फिरतो. फेसच्या खालच्या भागात बसला तर स्पिन वाढतो, वरच्या भागात बसला तर कमी होतो. ठसे न बघता सेटिंग बदलणं म्हणजे अंधारात स्क्रू फिरवणं.

धरमपेठकर:
ठसे घेतले. १० पैकी ७ हीलकडे, मध्यापासून साधारण १५ ते २० मिलिमीटर, आणि बहुतेक मध्यरेषेच्या खाली. पुढे काय करू?

शाफ्टवाला:
मग क्रम असा ठेवा. आधी टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी. चेंडूचा निम्मा भाग ड्रायव्हरच्या माथ्याच्या वर दिसला पाहिजे आणि चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत हवा. मे महिन्यात आपल्याकडची काळी माती विटेसारखी होते, टी पुरेशी आत जात नाही किंवा मोडते आणि उंची दर फटक्याला बदलते. टीवर पेनाने खूण करा आणि आधी जुन्या टीने भोक पाडून घ्या. रेंजवरच्या (सरावाच्या मैदानावरच्या) रबरी टीची उंची ठरलेली असते, त्यामुळे तिथल्या आकड्यांवरून टीचा निष्कर्ष काढू नका.

दुसरं, ग्रिपवर १ इंच खाली टेप गुंडाळून खूण करा, तिथे धरून २० चेंडू मारा. हीलचे ठसे मध्याकडे सरकले तर ४५.७५ इंच तुम्हाला लांब पडतात. नियमात कमाल ४८ इंच चालतात आणि काही स्पर्धांत ४६ ची मर्यादा असते, पण चालतं म्हणून लांब घ्यायलाच हवं असं नाही. शाफ्ट तोडायची घाई मात्र नको. अर्धा इंच कापला की स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप) साधारण ३ अंकांनी घटतं आणि १ अंक भरून काढायला हेडमध्ये २ ग्रॅम लागतात. पाऊण इंच कापला तर ९ ग्रॅमचा हिशेब होतो. सगळा भरायची गरज नसते, ४ ते ५ ग्रॅमचा जड स्क्रू किंवा सोलवर (हेडच्या तळाला) शिशाची टेप लावून आधी हेड हाताला जाणवतं का ते बघा.

कोराडीकाठ:
स्लीव्हबद्दल थोडी भर घालतो. १०.५ वर परत या, मग ११.५ करून बघा. क्लब फेस सरळ धरून ठेवत असाल तर लॉफ्ट खरंच वाढेल. जमिनीवर जसा बसतो तसा बसू दिला तर लॉफ्ट जवळपास तेवढाच राहून फेस बंद होईल. तुमच्यासाठी दुसरं जास्त कामाचं. अपराइट सेटिंगकडून (लाय, म्हणजे शाफ्टचा जमिनीशी असलेला कोन, वाढवणाऱ्या) फार आशा ठेवू नका. १०.५ लॉफ्टवर लाय २ अंश बदलली तरी फेस सुमारे ०.४ अंशच डावीकडे वळतो.

वजन हीलकडे सरकवा. गुरुत्वमध्य हीलकडे आल्याने तुमचे हीलचे फटके त्याच्या जवळ पडतात आणि उजवीकडचा गिअर इफेक्ट कमी होतो. फटका मध्यावर येऊ लागला की वजन परत मध्यावर आणून तुलना करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, प्रत्येक सेटिंगला किमान १० चेंडू, आणि थकलेल्या हातांनी मारलेले शेवटचे ५ धरू नका.

पाना ड्रायव्हरसोबत आलेलाच वापरा. बहुतेक स्लीव्हचा स्क्रू टी-२५ असतो, त्यामुळे सीताबर्डीतल्या हार्डवेअरच्या दुकानातली चावी बसते, पण ती किती ताण लागला ते सांगत नाही. मूळ पाना सुमारे ४० इंच-पाउंडला टक् असा आवाज करून थांबतो. सैल राहिला तर हेड हलतं, जास्त आवळला तर आटे जातात. काही स्लीव्ह फिरवल्यावर शाफ्टही फिरतो आणि ग्रिपखालची रेघ बोटांना वेगळी लागते. अशा वेळी गोल ग्रिप बसवा.

धरमपेठकर:
आणि स्टिफ शाफ्ट? रेग्युलर घेऊ का?

शाफ्टवाला:
८९ मैलांना रेग्युलर साधारण योग्य, पण फ्लेक्सचं (शाफ्टच्या लवचिकतेचं) प्रमाण कंपनीगणिक वेगळं. हे शेवटी करा. पाथ उणे ५ शाफ्ट बदलून सुटत नाही. अटॅक शून्याच्या जवळ आला, लाँच १३-१४ आणि स्पिन २५०० ते २९०० दिसू लागला की मग दोन शाफ्ट एकाच हेडवर लावून बघा. स्लीव्ह मात्र त्याच कंपनीचा लागतो, दुसऱ्या कंपनीच्या हेडमध्ये बसत नाही.

मॉनिटर छोटा रडारवाला असेल तर जाळीत मारलेल्या फटक्याचा स्पिन बहुतेकदा हिशेबाने काढलेला असतो, चेंडूवर धातूचा ठिपका चिकटवल्याशिवाय त्यावर विसंबू नका. डिसेंबरच्या १० अंशांच्या सकाळचे आणि मेच्या ४५ अंशांचे आकडेही एकमेकांशी ताडू नका, उन्हाळ्यातली हवा सुमारे ११ टक्के विरळ असते आणि कॅरी (चेंडू हवेत कापतो ते अंतर) त्यामुळेही वाढलेली दिसते.

कोराडीकाठ:
उन्हाळ्यात क्लब गाडीच्या डिकीत ठेवू नका, स्लीव्ह शाफ्टला चिकटवणारा इपॉक्सी उष्णतेने मऊ पडतो. आणि स्पर्धेत फेरी सुरू झाल्यावर स्लीव्ह किंवा वजन बदलता येत नाही. बदललेल्या सेटिंगने फटका मारला तर थेट बाद ठरता, म्हणून पहिल्या टीवर (फेरी सुरू करायच्या जागी) जायच्या आधी सेटिंग पक्की करा आणि स्क्रू एकदा तपासा.