मदत हवी आहे: रात्रीत कोंबड्या मारून टाकतंय कोण? (सोलापूर)

होटगीरोडकर
चार दिवसांत सहा कोंबड्या गेल्या. सगळ्या गावरान. एक तर खुडूक, अंड्यांवर बसल्या जागी मेली. खाल्लं फारसं नाही, नुसत्या मारून टाकल्यात. मुंगूसच असणार. पकडायच्या पिंजऱ्यात आमिष काय ठेवू तेवढं सांगा. आज अंधार पडायच्या आत सांगा, पाचच उरल्यात.

बार्शीची शेळी
दिवसा मेल्या की रात्री? मान धरलीय की पोट फाडलंय? खुराडं कसलं आहे? काहीच न सांगता पिंजऱ्याचं काय सांगणार?

माळावरचा
मुंगूसच. आमच्या वस्तीवर एका दुपारी अकरा तलंगा (कोवळ्या कोंबड्या) मारल्या. खालून उकरून येतं. जाळी फूटभर जमिनीत गाडा.

होटगीरोडकर
रात्री. साडेनऊला कोंडल्या, पहाटे पाचला बघतो तर मेलेल्या. मानेवर दात, दोघींची मुंडकीच नाहीत. विटांचं खुराडं, वर पत्रा, पुढं जाळीचं दार. कडी लावलेली तशीच.

बार्शीची शेळी
मग मुंगूस नाही. ते दिवसाचं जनावर, रात्री बिळात असतं. खालची जमीन उकरलीय का?

माळावरचा
पहाटे उजाडताना येत असेल की. मी डोळ्यांनी बघितलंय.

बार्शीची शेळी
तुम्ही दुपारी बघितलंय, वर तुम्हीच लिहिलंय. यांच्या कोंबड्या पाचच्या आत मेल्यात.

अंडीवाला
लासोटा (मानमोडी रोगाची लस) दिला होता का? मानमोडीत मान वाकडी होते आणि पटापट मरतात. पिल्लांना पहिल्या आठवड्यातच डोस द्यायचा असतो.

होटगीरोडकर
दादा, मुंडकं नाही म्हणतोय. मानमोडीनं मुंडकं जात नाही. आणि जमीन कुठंच उकरलेली नाही.

नवा गडी
सुकटीत उंदराचं औषध कालवून ठेवा. एका रात्रीत मिटेल.

कुंभारीची ताई
असलं सांगू नका हो. शेजाऱ्याचं कुत्रं खाईल, उरलेल्या कोंबड्याही टोचतील. शिवाय मुंगूस काय, उदमांजर काय, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मारता येत नाही. पिंजरा लावून धरायलाही परवानगी लागते.
होटगीरोडकर, दाराशी आणि पत्र्यावर चुलीची राख चाळून पसरा. मांजराच्या पावलात चार बोटं दिसतात, नखं उमटत नाहीत. उदमांजराची पाच. खुराड्यावर झाड आहे का?

होटगीरोडकर
जांभूळ आहे. त्याचा काय संबंध?

कुंभारीची ताई
तेच आधी सांगायचं की! पाण्याच्या टाकीवर बिया असलेली विष्ठा पडते का? खुराड्यात बासमती शिजल्यासारखा वास येतो का?

होटगीरोडकर
(दुसऱ्या दिवशी) दाराशी राख तशीच. पत्र्यावर पावलं आहेत, पाच बोटं, नखांचे ठिपके स्पष्ट. पत्रा आणि भिंत यांच्यात मूठ जाईल एवढी फट आहे, तिथं विटेला करडे केस चिकटलेत. आणि हो, भाताचा वास येतो. बायको आठवड्यापासून म्हणत होती, मी लक्षच दिलं नाही. टाकीवर चिकूच्या बिया आहेत, त्या मी वटवाघळाच्या समजत होतो.

बार्शीची शेळी
उदमांजर. फांदीवरून पत्र्यावर, फटीतून आत. कोंबडीला अंधारात दिसत नाही, जागची हलतसुद्धा नाही. फांदी सहा-सात फूट मागं छाटा. फटीला आणि दाराला अर्ध्या इंची वेल्डमेश (वेल्डिंग केलेली जाड तारेची जाळी) मारा. कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवायला असते, दात अडवायला नाही.

माळावरचा
आणि जाळी फूटभर गाडा.

कुंभारीची ताई
हो, तेही करा, कोल्हं-कुत्रं आलं तर उपयोगी पडेल. जनावर आत अडकलं तर हात घालू नका, वनखात्याच्या १९२६ ला फोन करा.

होटगीरोडकर
मेश मारली, फांदी छाटली. दोन रात्री झाल्या, पाचही आहेत. पण आता दिवेलागणीला खुराड्यात शिरत नाहीत, जांभळावरच चढून बसतात. काय करू?

कुंभारीची ताई
झाडावर अजिबात ठेवू नका, तिथं तर आयत्याच सापडतील. पूर्ण अंधार होऊ द्या, मग एकेक उचलून आत ठेवा. निमूट येतात. आठवडाभर रोज करा.