येऊरच्या पाड्यावरील वारली मुलांना संविधान नेमके काय देते?

घोडबंदरची शिक्षिका
मी ठाण्यातील एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. वर्गात येऊरच्या, म्हणजे महापालिका हद्दीतील जंगलालगतच्या, पाड्यांवरील काही वारली मुले आहेत. त्यांच्यातील एकाचे मामा शहापूर तालुक्यात राहतात. तिकडे पेसाखाली (आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली) ग्रामसभा भरते, मग आमच्याकडे का भरत नाही, असे तो विचारतो. वारली भाषा आठव्या अनुसूचीत, म्हणजे संविधानातील भाषांच्या यादीत, नाही, त्यामुळे तिला कोणतेही संरक्षण नाही, असे एका सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. पाठ्यपुस्तक दोन्ही बाबतींत मदत करत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वकिली करणारा ठाणेकर
ताई, काही हक्क क्षेत्राला जोडलेले असतात आणि काही व्यक्तीला किंवा समूहाला; या दोहोंची गल्लत झाली की असे प्रश्न सुटत नाहीत.

पेसा क्षेत्राला जोडलेला आहे. अनुच्छेद २४४ आणि पाचवी अनुसूची यांनुसार राष्ट्रपती अनुसूचित क्षेत्रे जाहीर करतात, आणि महाराष्ट्रातील क्षेत्रे १९८५ च्या आदेशाने ठरली आहेत. त्यात शहापूर तालुका पूर्ण आहे, भिवंडी आणि मुरबाडमधील काही गावे आहेत, ठाणे शहर मात्र नाही. शिवाय १९९६ चा पेसा कायदा पंचायतींपुरता असल्याने महापालिका हद्दीत तो तसाही लागू होत नाही. मुलाच्या मामांना मिळणारी ग्रामसभा त्याला मिळत नाही, याचे कारण इतकेच आहे. तो कमी आदिवासी आहे, असा याचा अर्थ नव्हे, आणि हे त्याला वर्गात स्पष्ट सांगायला हवे.

२००६ चा वनहक्क कायदा मात्र अनुसूचित क्षेत्रापुरता नाही. त्यातील वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने येतात, त्यामुळे येऊरचे जंगल राष्ट्रीय उद्यानात आहे म्हणून दावाच करता येणार नाही, हे म्हणणे टिकत नाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीवर कमाल ४ हेक्टरपर्यंत हक्क मान्य होऊ शकतो, आणि दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत त्या जमिनीवरून हटवता येत नाही. अडचण पुढे आहे. दाव्याची सुरुवात ग्रामसभेने करायची असते आणि शहरात ग्रामसभा नसते, म्हणून कायदा लागू असूनही अर्ज कोणापुढे ठेवायचा यावरच गाडी अडते. मालकीच्या जमिनीचे म्हणाल, तर जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आदिवासी खातेदाराची जमीन पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ देत नाही, मग ती जमीन शहापूरची असो की ठाण्याची.

भाषेबाबत आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे मला मान्य नाही. अनुच्छेद २९(१) मध्ये आठव्या अनुसूचीचा उल्लेखच नाही. स्वतःची वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेल्या कोणत्याही नागरिक-समूहाला ती जतन करण्याचा हक्क आहे. लिपी नाही म्हणून भाषाच नाही, हा युक्तिवादही सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये डीएव्ही कॉलेज विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात मोडीत काढला: भाषिक अल्पसंख्याक ठरण्यासाठी वेगळी बोलली जाणारी भाषा पुरेशी आहे, वेगळी लिपी आवश्यक नाही. अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने आणि प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने करावा, असे सांगतो. स्थानिक प्राधिकरणात महापालिका आली. त्यात शब्द ‘प्रयत्न’ असाच आहे, हे मात्र लपवून चालणार नाही.

उल्हासनगरकर
आठव्या अनुसूचीचे फार अप्रूप बाळगू नये, असे एक सिंधी पालक म्हणून सांगतो. आमची भाषा १९६७ मध्ये २१ व्या घटनादुरुस्तीने त्या यादीत आली. त्याने मान मिळाला, साहित्याला पुरस्कार मिळाले. माझ्या नातवंडांना मात्र सिंधी वाचता येत नाही. अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देणाऱ्या अनुच्छेद ३० खालील अल्पसंख्याक दर्जाची संस्थाही आपल्या भाषेतून शिकवण्यास बांधील नसते, ती खुशाल इंग्रजीतून शिकवू शकते. संथाळी आणि बोडो यांना २००३ च्या ९२ व्या दुरुस्तीने स्थान मिळाले, पण त्यामागे त्या भाषकांनी अनेक वर्षे चालवलेली चळवळ होती.

घोडबंदरची शिक्षिका
दोघांचेही आभार. एक शंका उरते. शाळेच्या नोंदींत या मुलांची मातृभाषा सरसकट ‘मराठी’ लिहिलेली आहे. त्यावर कोणाला हरकत घेता येईल का?

वकिली करणारा ठाणेकर
पालकांना घेता येईल, आणि अवश्य घ्यावी. मुलाची मातृभाषा कोणती हे पालक किंवा सांभाळ करणारा ठरवतो, शासन नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकातील शाळांच्या प्रकरणात म्हटले आहे. (त्या निकालाने मातृभाषेतून शिक्षणाची सक्ती करण्याचा राज्याचा अधिकार नाकारला, म्हणून मराठी शाळांचे आग्रही लोक त्याच्यावर नाराज असतात; वारली पालकांना मात्र तो उपयोगी पडणारा आहे.) नोंदीत वारली मुले दिसलीच नाहीत, तर ३५०क खाली कोणासाठी प्रयत्न करायचा, असे महापालिका सहज विचारू शकेल. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ देखील शक्य तितके मातृभाषेतून शिकवावे असे सांगते. पालकांनी मुख्याध्यापकांकडे दुरुस्तीचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.